स्थानक कुणाचं, बाजार कुणाचा?

(नेकनूर, जि. बीड येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून इथे दारूबंदी, रेशन, सातबाऱ्यावर बाईचं नाव, अशा विषयांवर बोलणं झालं. आता मी ज्यावर बोलणार आहे ते ऐकून काही जणी हसतील. मला बोलायचं आहे शहरातल्या जमिनीखालच्या रेल्वे स्थानकाबद्दल, आणि त्या स्थानकाच्या पोटात जो बाजार भरतो त्याबद्दल. नेकनूरला रूळ नाही. आपल्याला कुठे जायचं तर मांजरसुंब्याला नाही तर बीडला जाऊन गाडी धरावी लागते. मग हा विषय इथे कशाला, असं कुणालाही वाटेल.

मी पुण्यात घरकाम करणाऱ्या आणि भाजी विकणाऱ्या बायांच्या गटांबरोबर काम करते. त्यातल्या कितीतरी जणी मराठवाड्यातल्या आहेत. बीडची बाई पुण्याला का जाते? कुणी ससूनमध्ये नवऱ्याला दाखवायला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी बांधकामावर, कुणी मुलीला वसतिगृहात सोडायला. ती पुण्यात पहिलं पाऊल ठेवते ते बसस्थानकावर. म्हणजे पुण्याचं स्थानक कसं बांधलं जातं हा प्रश्न पुण्याचा जेवढा आहे तेवढाच नेकनूरचाही आहे. ज्यांनी ते बांधायचं ठरवलं त्यांना बहुतेक हे माहीतच नसतं.

शिवाजीनगरला काय झालं

आपल्याकडच्या लोकांसाठी पुणे म्हणजे शिवाजीनगर. नगरवरून येणाऱ्या एसट्या तिथे यायच्या. शेजारीच रेल्वेचं शिवाजीनगर स्थानक, समोर रिक्षा, शहर बस. एका जागी उतरलं की सगळीकडे जायला वाट होती. जागा काही फार चांगली होती असं नाही. घाण होती, गर्दी होती, संडासात पाय ठेवू नये अशी स्थिती होती. पण बाईला ती जागा पाठ होती. कुठे चहा मिळतो, कुठल्या कोपऱ्यात पहाटेपर्यंत लेकराला घेऊन बसता येतं, कुठली विक्रेती बाई पिशवीवर लक्ष ठेवते, हे माहीत होतं.

मग मेट्रो आली. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा मार्ग शिवाजीनगरपासून पुढे जमिनीखालून जातो. त्यावर पाच भुयारी स्थानकं आहेत : शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट. दोन स्थानकांमधला बोगदा यंत्राने आतल्या आत पोखरता येतो. पुण्यातल्या त्या यंत्रांना मुठा, मुळा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती. पण स्थानक सहसा आतल्या आत होत नाही. त्यासाठी वरून भलामोठा खड्डा खणावा लागतो, त्यात भिंती, मजले उभे करावे लागतात आणि मग वरून झाकावं लागतं. जिल्हा न्यायालयाचं स्थानक तर जमिनीखाली तेहतीस मीटर, म्हणजे एकशे आठ फूट खोल आहे. आपल्याकडच्या चांगल्या खोल विहिरीपेक्षाही खाली. एवढा खड्डा खणायचा तर वर जे काही असेल ते हलवावं लागतं.

शिवाजीनगरला वर एसटी स्टँड होता. तो डिसेंबर २०१९ अखेरीस वाकडेवाडीला हलवला. सांगितलं असं की हे तात्पुरतं आहे, काम झालं की स्टँड परत येईल, आणि नुसता येणार नाही तर मोठ्या व्यापारी संकुलासह येईल. खाली मेट्रो, शेजारी रेल्वे, वर एसटी आणि दुकानं. कागदावर चित्र सुंदर होतं.

१ ऑगस्ट २०२३ ला शिवाजीनगरची भुयारी मेट्रो सुरू झाली. खाली फरशी चकाचक, सरकते जिने, लिफ्ट. एसटी मात्र तेव्हाही वाकडेवाडीलाच होती. मेट्रोला वेळेत जागा मिळाली, संकुलाचे नकाशे पुढे-मागे होत राहिले, आणि ज्यांना उठवलं होतं त्यांचं परत येणं सगळ्यात शेवटी राहिलं. हा क्रम आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण प्रकल्प कुठलाही असो, क्रम हाच असतो. आधी उठायचं असतं सगळ्यात कमी ताकदीच्या माणसांनी, आणि परत बसायची पाळीही त्यांचीच शेवटची.

स्टँड दीड-दोन किलोमीटरवर गेला, त्यात एवढं काय, असं एका अधिकाऱ्याने आम्हाला विचारलं होतं. एकट्या पुरुषाला त्यात काही नाही. पण रात्रीच्या गाडीने आलेली बाई पहाटे चारला उतरते. कडेवर लेकरू, हातात धान्याचं गाठोडं. त्या वेळी शहर बस नाही. रिक्षावाला मागेल ते द्यायचं, नाही तर उजाडेपर्यंत तिथेच बसायचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं. आपल्या बाया त्यानंतर किती फिरायला लागल्या हे तुम्ही बघतच आहात. पण एसटीची ती सवलत रिक्षात चालत नाही, मेट्रोतही चालत नाही. गावाहून पुण्यापर्यंत वाचवलेले पैसे स्टँडपासून दवाखान्यापर्यंत जातात. हा हिशेब कुठल्याच प्रकल्प अहवालात मांडला जात नाही, कारण अहवाल लिहिणारा मोटारीने येतो.

स्थानकात दुकानं का असतात

आता खाली उतरू. तुमच्यापैकी ज्या गेल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. भुयारी स्थानकाला साधारण दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर तिकीट आणि तपासणी, खालच्या मजल्यावर फलाट. तिकिटाच्या मजल्याचे पुन्हा दोन भाग. एक, जिथे कुणीही तिकिटाशिवाय जाऊ शकतं. दुसरा, तिकीट लावल्यावर जे फाटक उघडतं त्याच्या पलीकडचा. दुकानांचे गाळे बहुतेक याच मजल्यावर काढतात. कुठे जिन्याच्या तोंडाशी, कुठे वर बांधलेल्या इमारतीत.

दुकानं का काढतात? कारण नुसत्या तिकिटावर मेट्रोचा खर्च निघत नाही. जमिनीखाली रात्रंदिवस दिवे लागतात, हवा खेळवावी लागते, पाणी उपसावं लागतं. हाँगकाँगच्या मेट्रोने स्थानकावरच्या इमारती आणि दुकानं यांतून मोठं उत्पन्न मिळवलं, तेव्हापासून सगळीकडे तोच रस्ता धरला गेला. मुंबईची भुयारी मेट्रो, आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्थानकांची. ती ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उघडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिथे तर स्थानकांची नावंसुद्धा जाहिरातीला दिली आहेत. वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या नावाआधी एका म्युच्युअल फंडाचं नाव लागलं.

मी दुकानांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात की स्थानक म्हणजे स्थानक, तिथे बाजार नको. मला ते पटत नाही. बाजार असला की उजेड असतो, माणसं असतात, आवाज असतो. रिकाम्या भुयारात एकटी बाई जेवढी घाबरते तेवढी ती चार दुकानं उघडी असलेल्या वाटेवर घाबरत नाही. इथे नेकनूरच्या आठवडी बाजाराचंच बघा. त्या दिवशी बाई एकटी येते, एकटी फिरते, कुणी काही विचारत नाही. बाजार हे बाईला घराबाहेर पडण्याचं जुनं आणि सगळ्यांना मान्य असलेलं कारण आहे. मला विचारायचं आहे ते एवढंच : त्या बाजारात बसायला कुणाला मिळतं, तो कुठल्या वेळी उघडा असतो, आणि त्याच्यासाठी कुणाला उठवलं जातं?

गाळा कुणाला, पाटी कुणाची

स्थानकातला गाळा निविदा काढून देतात. अनामत भरायची, आगाऊ भाडं भरायचं, जीएसटीचा नंबर दाखवायचा, तीन वर्षांचे हिशेब दाखवायचे. पाटीवर मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बाईकडे यातलं काय असतं? आमच्या गटातली एक बाई वीस वर्षं एका स्टँडच्या दारात फुलं विकायची. तिच्याजवळ एकच कागद होता, पालिकेच्या दंडाची पावती. ती म्हणाली, ताई, हाच माझा पुरावा की मी इथे होते.

आणि ती गमतीने बोलली तरी ते खरं आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात म्हटलं आहे की दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांची पाहणी करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, आणि पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत कुणालाही उठवू नका. उठवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस द्या. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया असाव्यात. असं कायदा म्हणतो. किती गावांत या समितीच्या बैठकीला बाई खुर्चीवर बसलेली तुम्ही पाहिली?

या कायद्यात एक खाच आहे, तीही समजून घ्या. रेल्वेच्या मालकीची जागा, इमारत, गाडी यांना तो लागू नाही. म्हणजे स्थानकाच्या फाटकाबाहेर तुम्ही कायद्याने विक्रेत्या, आणि फाटकाच्या आत दोन पावलं टाकली की गुन्हेगार. मेट्रोच्या कायद्यातही परवानगीशिवाय विकायला मनाई आहे. स्थानक जेवढं मोठं होतं, संकुल जेवढं पसरतं, तेवढी ही आतली जागा वाढते आणि आपली बाहेरची जागा आटते. वर्षानुवर्षं जो रस्ता होता तो एका नकाशावर स्थानकाचं आवार होऊन बसतो.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं मेली. पूल अरुंद होता, हे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्यानंतर राग निघाला तो विक्रेत्यांवर. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. चालणाऱ्यांना मोकळी वाट मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण दीडशे मीटरच्या बाहेर कुठे, हे कुणी आखून दिलं नाही. दुपारची भाकरी घेऊन बसलेल्या बाईला रोज पळावं लागलं, आणि स्थानकाच्या आतले गाळे मात्र कायदेशीर राहिले. विकणं तेच, गिऱ्हाईक तेच, फरक भाडं भरण्याच्या ताकदीचा.

पुण्याच्या मंडईची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. मेट्रोचं मंडई स्थानक ज्या बाजाराशेजारी आहे तो इंग्रजांच्या काळात, १८८६ साली उघडला. तेव्हा नाव होतं रे मार्केट. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. गरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि देखण्या इमारतीला आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव दिलं गेलं. नाव देणं सोपं असतं. फुल्यांनी जो प्रश्न विचारला तो मात्र आजही प्रत्येक नव्या इमारतीपुढे विचारायला हवा : हा पैसा कुणाचा, आणि त्यातून कुणाच्या वाट्याला काय येणार?

संडास फाटकाच्या कुठल्या बाजूला आहे?

हसू नका. मुंबईत २०११ पासून कोरो आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ नावाने मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायांकडून पैसे, हा अन्याय त्यांनी मोजून, लिहून, पालिकेसमोर मांडला. सुरुवातीला त्यांनाही हसले होते.

मी कुठल्याही नव्या स्थानकात गेले की आधी बघते, संडास फाटकाच्या अलीकडे आहे की पलीकडे. पलीकडे असेल तर तो तिकीट काढणाऱ्या प्रवाशापुरता. मग बाहेर दिवसभर बसणारी विक्रेती, झाडूवाली, रिक्षाची वाट बघणारी बाई, यांनी जायचं कुठे? एका स्थानकात मी विचारलं तेव्हा चौकीवरचा मुलगा म्हणाला, वरच्या दुकानांच्या मजल्यावर जा. तिथे गेले तर ते गिऱ्हाइकांसाठी. खाली प्रवाशांचा, वर गिऱ्हाइकांचा. नागरिक म्हणून बाईचा एकही नाही. आपल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवसभर पाणी न पिता राहायचं आणि त्याचा त्रास पुढे वर्षानुवर्षं अंगावर काढायचा, हे त्या फडातही करतात आणि शहरात आल्यावरही करतात.

उजेड खाली, अंधार वर

आता सगळ्यात अवघड भाग. स्वारगेटचं भुयारी स्थानक २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं. कॅमेरे, रक्षक, दिवे, सगळं आहे. त्याच्या शेजारीच स्वारगेटचा एसटी स्टँड. पाचच महिन्यांनी, २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे, गावी जायला आलेल्या एका तरुण मुलीला, गाडी दुसरीकडे लागली आहे असं सांगून एका माणसाने स्टँडवर उभ्या असलेल्या बसमध्ये नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी तिने तक्रार दिली. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. काही दिवसांत आरोपी पकडला गेला. पुण्यात आणि बाहेर मोर्चे निघाले, आपणही निघालो. स्टँडवरच्या बंद पडलेल्या बसगाड्या, अपुरे दिवे, अपुरे रक्षक, सगळं वर्तमानपत्रात आलं.

त्या वेळी ती मुलगी कशी एकटी होती, का गेली, असं विचारणारेही निघाले. ती एसटीला गेली होती कारण तिला गावाला जायचं होतं. एवढं कारण पुरे आहे.

मला यातून एक गोष्ट दिसते. जमिनीच्या खाली एक खातं, जमिनीच्या वर दुसरं खातं, रस्त्यावर तिसरं. खालच्या रक्षकाची जबाबदारी जिन्याच्या तोंडाशी संपते. वरच्या रक्षकाची फाटकापाशी. मधल्या शंभर पावलांत बाई कुणाच्याच हद्दीत नसते. शिवाय भुयाराचं वेळापत्रक वेगळं. शेवटची मेट्रो गेली की दारं ओढून घेतात. पहाटे, जेव्हा मराठवाड्याच्या आणि इतर लांबच्या गाड्या येतात, तेव्हा तो सगळा उजेड, ती बाकं, ते संडास कुलपात. दुकानांच्या वेळेप्रमाणे चालणारं स्थानक बाईच्या वेळेप्रमाणे चालत नाही. बाईची वेळ आजारी माणसावर ठरते, बाळंतपणावर ठरते, ठेकेदाराच्या हाकेवर ठरते.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. कोरियाची राजधानी सोल. तिथलं गंगनम स्थानक म्हणजे खाली रेल्वे आणि भोवती भुयारी दुकानांच्या रांगा, उजेडाने लखलखलेल्या. १७ मे २०१६ ला त्या स्थानकाजवळच्या एका इमारतीतल्या, स्त्री-पुरुष दोघांसाठी असलेल्या संडासात एका तरुण बाईचा खून झाला. मारेकरी आत दबा धरून बसला होता. आधी आलेल्या पुरुषांना त्याने जाऊ दिलं. ती पहिली बाई होती. अधिकारी म्हणाले की माणूस मनोरुग्ण होता, विषय संपला. तिथल्या बायांनी तो संपू दिला नाही. स्थानकाच्या दहा नंबरच्या दारावर त्यांनी लहान लहान रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, शेकडो, मग हजारो. जिवंत राहिलेल्या बायांनी मेलेल्या बाईला लिहिलेल्या. एवढ्या श्रीमंत बाजाराच्या दारात त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. तिथून पुढे कोरियातल्या स्त्री-चळवळीत तरुण मुली मोठ्या संख्येने आल्या.

म्हणजे दुकानं, दिवे, कॅमेरे यांनी बाई आपोआप सुरक्षित होत नाही. ती सुरक्षित होते ती जागा तिचीही आहे असं सगळ्यांनी मानलं तर. फुलवाली, चहावाली, तिकीट देणारी, झाडणारी, पोलीस, अशा बाया त्या जागेत दिवसभर आणि रात्रीही कामावर असल्या, तर बाहेरगावहून आलेल्या बाईला विचारायला चार तोंडं मिळतात. शिवाजीनगरच्या जुन्या स्टँडवर पिशवी सांभाळणारी विक्रेती होती. ती पगारी रक्षक नव्हती, पण राखण करत होती. तिला उठवलं की ती राखणही उठते, आणि मग आपण तिच्या जागी कॅमेरा लावतो.

आपण काय करायचं

आता परत आपल्या जिल्ह्यात. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वेगाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. आपल्या आया या रेल्वेची वाट बघत गेल्या. बीडचं स्थानक भुयारी नाही, तिथे मॉल नाही. पण ते नवं आहे. भोवतीचे रस्ते, बाजार, बसथांबा हे सगळं अजून ठरायचं, वाढायचं आहे. म्हणूनच आज बोलणं गरजेचं आहे. पुण्याला आम्ही खड्डा खणल्यावर जागे झालो. तुम्ही नकाशा निघतो तेव्हाच जाग्या राहा.

पहिलं काम. बीड नगरपरिषदेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. विचारा : पथविक्रेत्यांची शेवटची पाहणी कधी झाली, नगर पथविक्रेता समितीवर कोण कोण आहेत, त्यात बाया किती, बैठका किती झाल्या. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच आहे, ते घेऊन मोर्चा काढता येतो.

दुसरं काम. स्थानकाजवळ विकायला बसणाऱ्या बायांनी आपला पुरावा आपण तयार करा. तारीख टाकून यादी करा, फोटो काढा, दंडाच्या पावत्या जपा. पाहणी करणारे आले की घरातल्या पुरुषाचं नाव लिहितात. बसते बाई, आणि कागदावर नाव नवऱ्याचं. उद्या तो सोडून गेला तर जागाही गेली. नाव बसणारीचं लागलं पाहिजे, हे अडून सांगा.

तिसरं. रेल्वेने २०२२ पासून ‘एक स्थानक एक उत्पादन’ अशी योजना चालवली आहे. स्थानिक वस्तू विकणाऱ्यांना, बचतगटांना फलाटावर पाळीपाळीने नाममात्र शुल्कात जागा देतात. बचतगटांनी अर्ज करा. पण ही जागा आपल्याला मिळाली म्हणून बाहेरच्या पाटीवालीला हाकलायला आपण मान डोलावायची नाही. त्यांना आपल्यात फूट पाडायला तेवढंच पुरतं.

चौथं. निवेदन द्या, रेल्वेला, एसटीला आणि नगरपरिषदेला, एकच निवेदन तिघांना. मागण्या साध्या आहेत. संडास तिकिटाच्या फाटकाबाहेर असावा आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडा असावा. एसटीचा थांबा स्थानकाच्या दारात असावा. दोन्हींच्या मधल्या वाटेवर दिवे लावण्याची जबाबदारी कुणाची, हे लेखी मिळावं. रात्री बसायला उजेडाची खोली असावी, तिथे बाई कर्मचारी असावी. आणि पुढे कधी दुकानांचं संकुल झालं, तर नकाशात विक्रेत्यांचे ओटे आधी आखावेत, मग गाळे.

आणि नेकनूर? इथे तुमचा बाजार ग्रामपंचायतीच्या हातात आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, कायद्याने आहेत. बाजाराच्या दिवशी वसुली होते, त्या पैशातून बाजारतळावर बायांसाठी एक संडास, एक पाण्याची टाकी, एक सावलीचं छप्पर झालं का, हे ग्रामसभेत विचारायला कुठल्या इंजिनियरची गरज नाही. बाजार मोठा असो की लहान, जमिनीवर असो की जमिनीखाली, प्रश्न तेच आहेत. बसायला जागा कुणाला, नाव कुणाचं, संडास कुठे, दिवा कधीपर्यंत, आणि उठवायचं ठरलं तर विचारलं कुणाला.

कुणी म्हणेल, विकासाला आडव्या येता. आपण आडव्या येत नाही. त्या सरकत्या जिन्यावर आपल्यालाही चढायचं आहे, त्या लिफ्टमधून म्हातारीला न्यायचं आहे. फक्त गाठोड्यासकट, पाटीसकट, लेकरासकट आणि पहाटे चारलाही जाता आलं पाहिजे. ते होत नसेल तर काय बदलायचं याची यादी आपल्याकडे तयार असली पाहिजे.

एवढं सांगून थांबते. आता तुम्ही बोला. तुमच्यातल्या ज्या बाजारात बसतात त्यांनी आधी बोलावं, मग आम्ही कार्यकर्त्या.